फ्लॉपी, कॅसेट, सीडी : जुन्या साठवणीचा भरवसा किती?

नगरच्या कापडबाजारापासून थोड्या अंतरावर एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालकांनी साठी ओलांडली आहे. दुकान वडिलांनी सुरू केलेले. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक तरुण आला. त्याच्या थोरल्या बहिणीचा निकाह २००४ साली झाला होता आणि चित्रीकरण याच स्टुडिओने केले होते. तरुणाचे वडील काही महिन्यांपूर्वी वारले. हयातीत त्यांना फोटो काढून घ्यायची फारशी हौस नव्हती. त्यांची चालती-बोलती छबी आणि आवाज काय तो त्या लग्नाच्या सीडीतच. घरातली सीडी लागेना, म्हणून तो दुकानात आला होता.

"चाचा, तुमच्याकडे मूळ प्रत असेलच ना?"

"आहे ना बेटा. आम्ही गिऱ्हाइकाचं काही फेकत नाही."

लोखंडी कपाट उघडले. तीन सीडींचा संच सापडला. वर मार्करने नाव आणि तारीख लिहिलेली. दिसायला अगदी कोऱ्या, एक ओरखडा नाही. पहिली सीडी लागली. दुसरी ड्राइव्हमध्ये घातली तशी नुसती घरघर सुरू झाली आणि 'डिस्क टाका' असा संदेश पडद्यावर आला. दुकानातले दोन संगणक आणि शेजाऱ्याचा एक, असे तीन संगणक करून पाहिले. तिन्हीकडे तोच संदेश. ज्या मिनी डीव्ही कॅसेटवर मूळ चित्रण झाले होते, तिच्यावर पुढच्याच महिन्यात दुसऱ्या लग्नाचे चित्रण करून झाले होते. त्या काळी कॅसेट महाग होती आणि सगळेच स्टुडिओवाले तसे करीत.

त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात मालकांच्या वडिलांनी १९७०च्या दशकात काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह कागदी पाकिटांत ठेवल्या आहेत. त्यातली एक उजेडाकडे धरली तर माणसाच्या भुवईचा केसही दिसतो. पन्नास वर्षांची निगेटिव्ह शाबूत आणि वीस वर्षांची सीडी मुकी, असा हा उलटा हिशेब. आज जवळपास प्रत्येक व्यापाऱ्याच्या, छापखानेवाल्याच्या, हिशेबनिसाच्या आणि संस्थेच्या कपाटात हेच प्रकरण वाढून ठेवले आहे, म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे गरजेचे आहे.

आयुष्य एकाचे नव्हे, तिघांचे

'सीडी किती वर्षे टिकते?' हा प्रश्न आपण विचारतो, पण तो अपुरा आहे. साठवलेली माहिती परत हाती यायची तर तीन गोष्टी एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात. पहिली, ती वस्तू, म्हणजे फ्लॉपी, कॅसेट, सीडी किंवा हार्ड डिस्क. दुसरी, ती वाचणारे यंत्र. तिसरी, त्या फाइलचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम आणि अक्षरांसाठी लागणारा फाँट. तिघांपैकी एक जरी गेला तरी उरलेल्या दोघांचा उपयोग नाही. अनेकदा वस्तू ठणठणीत असते आणि यंत्रच बाजारातून गेलेले असते.

याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथे १०८६ साली 'डोम्सडे बुक' नावाची जमीन-महसुलाची पाहणी चामड्याच्या पानांवर लिहिली गेली. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशभरातील शाळांच्या मदतीने नवी पाहणी केली आणि ती लेसर डिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम तयार करून ती माहिती सोडवावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचे मूळ पुस्तक मात्र आजही वाचता येते.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. आपल्याच शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी आणि फारसी कागद जपलेले आहेत. नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना मौलाना अबुल कलाम आझाद यांनी लिहिलेली पत्रे कागदावर राहिली आणि १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकाच्या रूपाने बाहेर आली. कागदाला वाळवी लागते, पाणी लागते, पण तो वाचायला यंत्र लागत नाही. संगणकाच्या साठवणीत यंत्र ही अडचण कायमची आहे आणि धंद्याचे नियोजन करताना ती धरूनच चालावे लागते.

फ्लॉपी : मालापेक्षा यंत्राची टंचाई

आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली. पुढे सव्वापाच इंची आणि नंतर साडेतीन इंची आली. आपल्याकडे १९९०च्या दशकात डीटीपीची दुकाने आणि संगणक वर्ग तालुक्याच्या गावी पोहोचले ते या शेवटच्या दोन फ्लॉपींबरोबर. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावते. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा तिच्यात बसणार नाही. पण तेव्हा लग्नपत्रिका, मतदारयाद्या, दुकानाचे वर्षभराचे हिशेब असे सगळे तिच्यातच असे.

फ्लॉपीच्या आत प्लास्टिकची पातळ चकती आणि तिच्यावर लोहचुंबकीय लेप असतो. वाचणारे डोके या लेपाला प्रत्यक्ष टेकते. म्हणून धूळ, बुरशी आणि दमट हवा हे तिचे शत्रू. स्पीकरमधला लोहचुंबक जवळ ठेवला तरी घात होतो. साधारण दहा ते वीस वर्षे हे तिचे आयुष्य धरले जाते, परंतु तीस वर्षांच्या फ्लॉपीही वाचल्या जातात. जुन्या वस्तू हाताळणाऱ्यांचा एक अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुरुवातीच्या काळातील कमी क्षमतेच्या फ्लॉपी बरेचदा टिकलेल्या सापडतात, कारण त्यांत अक्षरे विरळ लिहिलेली असतात आणि मालही चांगला असे. १९९०च्या दशकाअखेरीस भाव पडले तसा दर्जाही पडला आणि त्या काळच्या स्वस्त फ्लॉपीच आधी दगा देतात.

सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री बंद केली. तरीही फ्लॉपी लगेच संपली नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र यंत्रणेतील एका संगणकात २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी वापरात होती. जपानच्या सरकारने फ्लॉपीवर अर्ज मागणारे आपले नियम रद्द करण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण केले. जुन्या सीएनसी यंत्रांना आणि संगणकीय भरतकाम यंत्रांनाही फ्लॉपीच लागते. ज्या कारखानदाराकडे किंवा भरतकाम करणाऱ्याकडे असे यंत्र चालू स्थितीत आहे, त्याने फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा बदली भाग बसवून घ्यावा. तो बाजारात मिळतो. लाखोंचे यंत्र एका फ्लॉपीपायी बंद पडू देण्यात शहाणपण नाही.

साडेतीन इंची फ्लॉपी वाचण्यासाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी तसा तयार ड्राइव्ह सहसा नसतो. जुना संगणकच शोधावा लागतो किंवा खास सर्किट लावून जुना ड्राइव्ह जोडावा लागतो. भंगारात जाणाऱ्या जुन्या संगणकातील चालू ड्राइव्हला म्हणूनच आज किंमत आहे.

कॅसेट : बुरशी आणि बंद पडलेले व्हीसीआर

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट घरोघरी आहेत. टेपवरचा लेप दमट हवेत चिकट होतो, त्यावर पांढरी बुरशी चढते. आपल्या जिल्ह्यात याबाबतीत दोन टोके आहेत. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हे पर्जन्यछायेतील कोरडे तालुके, तर पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरकडे धो-धो पाऊस. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन कॅसेटी या दोन ठिकाणी वेगळे आयुष्य काढतात. अकोल्याकडे बुरशीचे भय आणि पूर्वेकडे धूळ व उन्हाळ्याचे. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात जी भट्टी होते, ती कोणत्याच कॅसेटला मानवत नाही.

पण इथेही खरी टंचाई यंत्राची आहे. व्हीसीआर बनवणारी जपानमधील शेवटची कंपनी फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ध्वनी आणि चित्रसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोबरोबर २०१९ मध्ये इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास टेप वाचणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण होईल. ती मुदत उलटली आहे. ज्यांच्या घरी कॅसेट आहे, त्यांच्या हाती फार वेळ उरलेला नाही.

बुरशी चढलेली कॅसेट चालू व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी डोक्याला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

सीडी : वरून कोरी, आतून पोकळ

सीडी म्हटले की सगळ्या सारख्याच, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कारखान्यात ठसा मारून बनवलेली गाण्यांची किंवा सिनेमाची सीडी वेगळी आणि दुकानात संगणकावर 'बर्न' केलेली सीडी वेगळी. पहिलीत खड्ड्यांचा ठसा असतो. दुसरीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पाडून माहिती लिहिली जाते. रंग उन्हात विटतो, हे कापड दुकानदाराला सांगायला नको. काउंटरवर उन्हात पडलेली सीडी तशीच विटते, फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत नाही.

कंपन्यांनी पन्नास, शंभर वर्षांचे दावे केले होते. चांगला माल, योग्य बर्निंग आणि थंड-कोरडी जागा असेल तर तीस-चाळीस वर्षे अशक्य नाहीत. परंतु आपल्या बाजारात पन्नास-शंभराच्या खोक्यांत सुट्या मिळणाऱ्या स्वस्त सीडींनी पाच-दहा वर्षांतच मान टाकल्याची उदाहरणेही घरोघरी सापडतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्याबाबत एक मार्गदर्शिका काढली. त्यात कोऱ्या, न लिहिलेल्या सीडीचे आयुष्यच सावधपणे पाच ते दहा वर्षे धरले आहे. म्हणजे जुन्या साठ्यातील कोरी सीडी स्वस्तात मिळाली म्हणून तिच्यावर महत्त्वाचे काही लिहू नये. आपल्या देशातील सीडी बनवणारी मोठी कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे बाजारात दिसणारा तिचा माल जुनाच समजावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सीडीची चमकदार खालची बाजू आपण जपतो आणि छापील बाजू टेबलावर घासतो. प्रत्यक्षात सीडीचा चांदीसारखा थर छापील बाजूच्या अगदी खाली, लाखेच्या एका पातळ पापुद्र्याखाली असतो. खालच्या बाजूला जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पुसून-घासून कमी करता येतो. वरचा थर उडाला तर माहितीच उडाली. म्हणून वर बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. पाण्याच्या शाईच्या मार्करने, तेही मधल्या पारदर्शक भागावर लिहावे. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने वरून ओरखडा लागण्याचे भय कमी, पण कडेने डिंक सुटला की हवा आत शिरते.

सीडीचा सर्वांत मोठा दगा तिच्या हुशारीत आहे. तिच्यात चुका दुरुस्त करण्याची गणिती सोय असते. थोडी माहिती खराब झाली तरी ड्राइव्ह ती हिशेबाने भरून काढतो आणि आपल्याला सगळे ठीक दिसते. खराबी वाढत जाते, दुरुस्ती चालू राहते, आणि एक दिवस मर्यादा ओलांडली की सीडी एकदम बंद पडते. आतून सडत चाललेले कलिंगड वरून हिरवेगार दिसावे, तसे हे आहे. 'गेल्या वर्षी तर चालत होती' हे वाक्य म्हणूनच सगळीकडे ऐकू येते.

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह

'आम्ही सगळे हार्ड डिस्कवर घेतले आहे' असे सांगून अनेक जण निर्धास्त होतात. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. तिच्यातील डोके चकतीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगते, की बोटाचा ठसासुद्धा त्या फटीपेक्षा जाड ठरेल. टेबलावरून पडणे, चालू असताना वीज जाणे, वर्षानुवर्षे न फिरवता ठेवणे, या सर्वांचा तिला त्रास होतो. विजेचा लपंडाव आपल्या भागाला नवा नाही. संगणकाला यूपीएस नसेल तर नुसता आजचा हिशेब नाही, मागची दहा वर्षेही धोक्यात असतात.

गूगल कंपनीने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षात शंभरातील दोनहून कमी डिस्क बंद पडल्या होत्या, पण तिसऱ्या वर्षाच्या डिस्कमध्ये हे प्रमाण शंभरात आठच्या वर गेले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती. त्यानंतर डिस्क सुधारल्या, आज प्रमाण कमी आहे. पण न सांगता जाण्याचा स्वभाव तोच आहे. डिस्कमधून 'टक-टक' आवाज येऊ लागला तर ती ताबडतोब बंद करावी. पुन:पुन्हा चालू करून पाहणे, उघडून फुंकर मारणे, फ्रीजमध्ये ठेवणे असे घरगुती उपाय म्हणजे उरलेल्या माहितीवरही पाणी सोडणे होय.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि नवे एसएसडी यांत फिरणारे काही नाही, म्हणून ते कायमचे असा गैरसमज आहे. त्यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने कोंडलेली असते आणि हा भार हळूहळू झिरपतो. वापरून झिजलेल्या वस्तूत तो लवकर झिरपतो आणि उष्णतेने आणखी लवकर. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेची साध्या ग्राहकांच्या एसएसडीकडून अपेक्षा अशी, की लिहिण्याची मर्यादा संपल्यावर वीज न लावता तीस अंश तापमानात त्याने एक वर्ष माहिती सांभाळावी. नवा एसएसडी याहून कितीतरी जास्त टिकतो. पण आपला उन्हाळा चाळिशी पार करतो, हे विसरून चालणार नाही. पेन ड्राइव्ह हा माल पोहोचवण्याचा टेम्पो आहे, गोदाम नव्हे.

फाइल उघडते, अक्षर लागत नाही

छापखाने आणि डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. फ्लॉपी वाचली, फाइल उघडली, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा! १९९०च्या दशकात श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम असे संच आले. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नसे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, परंतु दुकानांपर्यंत युनिकोड पोहोचायला आणखी बरीच वर्षे गेली. ज्या पेजमेकरमध्ये बहुतेक कामे झाली, त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली.

उर्दूचीही तीच गत. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने कातिबांच्या हातचे काम संगणकावर आणले, पण त्याच्या जुन्या फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत. मदरशांची पुस्तके, मुशायऱ्यांच्या स्मरणिका, शाळांची हस्तपुस्तिका अशा कितीतरी गोष्टी या फाइलींत अडकल्या आहेत. उपाय एकच. जुना संगणक, जुना प्रोग्रॅम आणि त्याचे कुलूप, म्हणजे मागे लावायचे हार्डवेअर लॉक, अजून चालू आहे तोवर सगळ्या फाइल उघडून पीडीएफ करून घ्याव्यात आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. संगणक भंगारात गेल्यावर लॉक खिशात ठेवून उपयोग नाही.

हिशेबाचा आणि कायद्याचा प्रश्न

येथवर वाचून काही दुकानदार म्हणतील की आमचा काही फोटोचा धंदा नाही. त्यांनी कायदा पाहावा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि प्रकरण अपिलात असेल तर त्याचा निकाल लागून एक वर्ष होईपर्यंत. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपनीने मागील आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवणे बंधनकारक आहे. 'हार्ड डिस्क उडाली' हे उत्तर अधिकाऱ्यासमोर चालत नाही. टॅलीच्या जुन्या आवृत्तीतील डेटा नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उघडत नाही, तो रीतसर स्थलांतरित करावा लागतो. म्हणून प्रत्येक वर्षअखेरीस खातेवही, रोजमेळ आणि ताळेबंद पीडीएफमध्ये काढून ठेवण्याची सवय लावावी, आणि ताळेबंद कागदावरही छापून ठेवावा.

संस्था आणि ट्रस्टच्या विश्वस्तांसाठी हा विषय आणखी नाजूक आहे. केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि तपशील भरण्यास सहा महिन्यांची मुदत ठेवली. अशी वेळ येते तेव्हा मुदत मोजून मिळते आणि दस्त मात्र 'कोणीतरी कधीतरी स्कॅन करून सीडीवर दिले होते' या अवस्थेत असतात. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालणे ही चूक कोणत्याही संस्थेने करू नये. स्कॅन ही सोय आहे, पुरावा मूळ कागद आहे.

तरुणांसाठी एक काम

या अडचणीत रोजगारही आहे. ज्यांचे फोटो स्टुडिओ मोबाइलमुळे मंदावले, ज्यांचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, त्यांना जुन्या साठवणीचे नव्यात रूपांतर करण्याचे काम हाती घेता येईल. भांडवल मोठे नाही. एक-दोन चालू व्हीसीआर, चित्र संगणकात घेणारे कार्ड, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, जुन्या आयडीई हार्ड डिस्क जोडायचा अडॅप्टर, दोन-तीन निरनिराळ्या कंपन्यांचे सीडी ड्राइव्ह आणि मोकळी हार्ड डिस्क. भांडवलापेक्षा शिस्त मोठी लागते. ती अशी :

१) गिऱ्हाइकाची वस्तू घेताना पावती द्यावी. 'निघेलच' अशी हमी देऊ नये. निघाले तेवढ्याचेच पैसे घ्यावेत.

२) प्रथम संपूर्ण वस्तूची जशीच्या तशी प्रतिमा संगणकात उतरवावी आणि पुढची खटपट त्या प्रतिमेवर करावी. मूळ वस्तू पुन:पुन्हा फिरवू नये. तिच्यावर काहीही लिहू नये.

३) एका ड्राइव्हने नाही म्हटले म्हणून सोडू नये. ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये फरक असतो. सीडी कमी वेगाने वाचून पाहावी. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे.

४) घरातील स्त्रियांचे फोटो, लग्नाची चित्रे, हिशेब ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. काम पोहोचते झाले की आपल्या संगणकावरील प्रत त्याला सांगून पुसावी. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे, पण कायद्याच्या आधी विश्वास येतो आणि या धंद्यात विश्वास हेच भांडवल.

५) माल परत देताना दोन प्रती द्याव्यात आणि पुढे काय काळजी घ्यायची ते एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आपल्या कपाटासाठी

घरासाठी आणि दुकानासाठी एक सोपा नियम आहे. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातील एक दुसऱ्या जागी. दुकानाच्या संगणकात एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे. आग, चोरी, पूर तिन्ही ठिकाणी एकदम येत नाही. इंटरनेटवरील साठवणही फुकटची कायम राहील असे समजू नये. पैसे भरायचे थांबले की तिथलीही जागा जाते.

वर्षातून एक दिवस ठरवावा. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, तोच बरा. त्या दिवशी प्रत्येक प्रत उघडून पाहावी, हार्ड डिस्क फिरवावी आणि पाच वर्षे झालेली वस्तू बदलून नवीवर नक्कल करावी. प्रत्येक वस्तूवर काय आहे, केव्हा लिहिले, कोणत्या प्रोग्रॅमने उघडते, हे वहीत लिहावे. ती वही कागदाची असावी. आणि जे फोटो खरोखर मोलाचे, ते छापून घ्यावेत.

राहता राहिला तो तरुण. स्टुडिओच्या मालकांनी हार मानली नाही. भिंगारमध्ये एका ओळखीच्या दुकानात वीसेक वर्षांपूर्वीचा संगणक धूळ खात पडला होता. त्याचा सीडी ड्राइव्ह जुना आणि संथ. त्यात ती दुसरी सीडी घातली. लग्नाच्या त्या सीडी व्हिडिओ सीडी प्रकारातल्या होत्या. या प्रकारात चूक दुरुस्त करण्याची सोय कमी असते, पण मधला खराब भाग ओलांडून पुढे जाता येते. बऱ्याच वेळाच्या घरघरीनंतर मधली काही मिनिटे निघाली. चित्र ठोकळ्या-ठोकळ्यांचे आणि मध्येच अडखळणारे. त्यात मंडपाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना "या, या, आत या, जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणणारे वडील होते. मुलाने ते तीनदा लावून पाहिले आणि डोळे पुसले.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी त्यांनी कपाटातील सगळ्या सीडी खाली काढल्या आणि वर्षवार लावायला घेतल्या. सर्वांत जुनी वरती. आतापर्यंत अर्ध्याहून अधिक सीडी हार्ड डिस्कवर उतरून झाल्या आहेत. काही निघाल्या नाहीत. ज्यांच्या निघाल्या नाहीत, त्यांची नावे त्यांनी वहीत वेगळी लिहून ठेवली आहेत, आणि त्या घरांत त्यांची प्रत अजून चालत असेल तर ती घेऊन या, असा निरोप ते एकेकाला धाडत आहेत. आपल्याही कपाटाला हा निरोप लागू आहे.